कोलकात्याची आई, रोमची भाषा

परदेशी जाऊन तिथली भाषा शिकणे ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. आपल्या धर्मग्रामांतून उच्च शिक्षणासाठी रोमला जाणाऱ्या धर्मगुरूंना ईशज्ञानाच्या वर्गात बसण्यापूर्वी काही महिने इटालियन भाषेची धुळाक्षरे गिरवावी लागतात. चाळिशीला टेकलेला, व्याख्याने देण्याची सवय असलेला माणूस बाकावर बसून 'हे पुस्तक आहे, ती खिडकी आहे' असे म्हणू लागतो. ही मंडळी सुट्टीवर घरी आली की रोमच्या मंदिरांविषयी भरभरून बोलतात. त्या पहिल्या मुक्या महिन्यांविषयी मात्र क्वचितच बोलतात. भाषा शिकताना माणसाचे नेमके काय होते, याचा प्रामाणिक हिशेब मांडणारे लेखन आमच्या वाचनात फारसे आलेले नाही. म्हणूनच झुंपा लाहिरी यांचे 'इन आल्त्रे पारोले' हे पुस्तक आम्ही उत्सुकतेने हाती घेतले. 'दुसऱ्या शब्दांत' असा त्या नावाचा अर्थ.

लाहिरी यांचा जन्म १९६७ साली लंडनमध्ये बंगाली आईवडिलांच्या पोटी झाला आणि त्या वाढल्या अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात. 'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज' या त्यांच्या पहिल्याच कथासंग्रहाला २००० साली पुलित्झर पारितोषिक लाभले. इंग्रजीत एवढे नाव मिळवलेली ही लेखिका २०१२ साली नवरा व मुले यांच्यासह रोमला राहायला गेली, ती केवळ इटालियन भाषेसाठी. निघण्यापूर्वी सहा महिने तिने इंग्रजी वाचन सोडून दिले होते. तिथे तिने प्रथम दैनंदिनी आणि मग लेख इटालियनमध्ये लिहिले. 'इंतेर्नात्सिओनाले' या साप्ताहिकातून ते प्रसिद्ध झाले आणि २०१५ साली त्यांचे पुस्तक झाले. पुढच्या वर्षी 'इन अदर वर्ड्स' या नावाने त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली. तिच्यात डाव्या पानावर मूळ इटालियन आणि उजव्या पानावर अ‍ॅन गोल्डस्टीन यांनी केलेला अनुवाद आहे. आम्ही अर्थातच उजवी पाने वाचली.

अनुवाद दुसरीकडून करून घेण्याचे कारण लेखिकेने दिले आहे. तो स्वतः केला असता, तर आपल्या सराईत इंग्रजीने दुबळ्या इटालियनला सुधारण्याचा मोह आवरला नसता, अशी तिला भीती होती. एका प्रकरणात इंग्रजी हा अंगावर केस फुटलेला दांडगा थोरला मुलगा आणि इटालियन हे कुशीतले तान्हे बाळ, असे रूपक ती योजते. थोरल्याचा हात बाळाला लागू नये म्हणून धडपडणारी आई त्या पानांवर स्पष्ट दिसते.

या प्रेमाचा उगम १९९४ साली आहे. त्या वर्षी लाहिरी बहिणीबरोबर प्रथमच फ्लॉरेन्सला गेल्या, तेव्हा जवळ एक छोटा खिशातला शब्दकोश होता. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे त्या अमेरिकेत राहून शिकवण्या लावीत राहिल्या. न्यूयॉर्कमधील त्यांची शेवटची शिक्षिका जांभळ्या छटेचे कपडे घालणारी एक वयस्क व्हेनिसची विधवा होती. तिच्याकडे जायला तासभर आगगाडीचा प्रवास करावा लागे. धडे झाले, व्याकरण झाले, गृहपाठ झाले. भाषा मात्र आली नाही. तळ्याच्या काठाकाठाने, पाय टेकतील एवढ्याच पाण्यात वर्षानुवर्षे पोहत राहावे, तसे हे शिकणे होते, असे त्या म्हणतात. तळे ओलांडायचे तर काठ सोडावा लागतो. पुस्तकाचा आरंभ या प्रतिमेने होतो आणि ती पुस्तकभर वाचकाच्या मनात राहते.

रोममधील आरंभीचे दिवस त्यांनी फार प्रांजळपणे वर्णिले आहेत. ऑगस्टच्या मध्यावर, स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या सुमारास सारे रोम गाव सोडून जाते. नेमक्या त्याच वेळी हे कुटुंब तिथे पोहोचते आणि नव्या घराचे दार उघडेनासे होते. मदतीला हाक मारायची तर शब्द तोकडे. त्या प्रसंगाविषयी दैनंदिनी लिहायला घेतली तेव्हा ती आपोआप इटालियनमध्ये लिहिली गेली. चुकांनी भरलेली, डाव्या हाताने लिहावी तशी. पुलित्झरविजेती लेखिका आपले वाक्य शाळकरी मुलीसारखे असल्याचे मान्य करते आणि त्यात तिला अपमान नव्हे, तर एक प्रकारची मोकळीक वाटते. इंग्रजीत तिच्याकडून उत्तमाची अपेक्षा होती. इटालियनमध्ये तिला अपुरे असण्याची मुभा मिळाली. भाषाशिक्षणाविषयी एवढे खरे वाक्य आम्ही अनेक दिवसांत वाचलेले नाही.

अपूर्ण भूतकाळावर एक संबंध प्रकरण आहे, ते आम्हांला विशेष आवडले. इटालियन भाषेत घडून संपलेल्या गोष्टीसाठी एक रूप आणि घडत राहिलेल्या, सवयीच्या, हद्द नसलेल्या भूतकाळासाठी दुसरे रूप आहे. इंग्रजीवर वाढलेल्या मनाला ही दोन रूपे वेगळी ठेवणे जड जाते. लाहिरी त्या रूपाने हैराण होतात आणि मग त्याच्या नावातच आपले रूप पाहतात: आपणही अपूर्ण, कधी न संपणाऱ्या. येथे मराठी वाचकाला थोडे हसू येईल. 'त्याने गायिले', 'तो गात होता', 'तो गात असे' यांतला भेद आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. आजी गोष्ट सांगताना 'एक राजा होता, तो रोज शिकारीला जात असे' म्हणते तेव्हाच तो आपल्या कानात रुजलेला असतो. परक्या भाषेत तोच भेद कष्टाने मिळवावा लागतो, तेव्हा आईने किती फुकट दिले होते याची जाणीव होते. लाहिरींना बंगालीची आठवण या ठिकाणी व्हायला हवी होती, असे आम्हांला वाटले.

पुस्तकाचा दोषही येथेच सांगून टाकावा. रूपकांची येथे गर्दी झाली आहे. तळे आहे, रानात टोपलीत वेचलेले शब्द आहेत, व्हेनिसचे पूल आहेत, इमारतीला बांधलेली पराची आहे, त्रिकोण आहे, झाड झालेली डॅफ्नी आहे. एका रूपकात वाचक स्थिरावतो न स्थिरावतो तोच दुसरे पुढे येते. शब्द थोडे असले की माणूस रूपकाचा आधार घेतो, हे समजण्यासारखे आहे. वस्तूचे नाव ठाऊक नसले की आपणही हातवारे करतोच. परंतु सगळेच प्रकरण हातवाऱ्यांवर निभावले की समोरचा थकतो. पुस्तकात दोन कथाही आहेत. त्यांपैकी 'अदलाबदल' ही खरोखर चांगली आहे. एका अनोळखी शहरात आलेल्या भाषांतरकार स्त्रीचा काळा स्वेटर हरवतो. सापडतो तेव्हा तो आपला नव्हेच असे तिला वाटत राहते आणि अखेर तो तिचाच निघतो. भाषांतराविषयीची पुष्कळ पाने जे सांगू शकत नाहीत, ते या छोट्या कथेने सांगितले आहे. दुसरी कथा त्या मानाने धूसर राहते.

आता या पुस्तकाच्या गाभ्याकडे वळू. 'भिंत' नावाच्या प्रकरणात एक साधा प्रसंग आहे. सालेर्नो शहरातील एका दुकानात लाहिरी कपडे पाहत आहेत. विक्रेतीशी त्या इटालियनमध्ये, बऱ्यापैकी शुद्ध बोलतात. नवरा मागाहून येतो आणि दोनचार शब्द बोलतो. त्याची इटालियन पत्नीच्या तुलनेने कच्ची आहे. तो स्पॅनिश जाणणारा, दिसायला युरोपीय आणि नावाने आल्बेर्तो. विक्रेती प्रसन्न होऊन म्हणते की यजमान इटालियनच असणार, किती स्वच्छ बोलतात! पत्नीचे मात्र परकेपण तिच्या चेहऱ्यावरून आधीच ठरून गेलेले असते. भाषा कानाने ऐकली जाते असे आपण समजतो. त्या दुकानात ती डोळ्यांनी ऐकली गेली. याहून दुखरी गोष्ट पुढे आहे. कोलकात्यातही लोक त्यांच्याशी इंग्रजीत बोलू लागतात, कारण अमेरिकेत वाढलेल्या मुलीला बंगाली येत असेल हे त्यांना खरे वाटत नाही. आणि आयुष्य जिथे गेले त्या अमेरिकेतही नाव आणि रंग पाहून तोच प्रश्न येतो: तुम्ही मूळच्या कुठल्या? तिन्ही ठिकाणी एकच भिंत आहे.

आमच्या मते हे पुस्तक इटालियनविषयी आहे असे वाटत असले तरी त्याचा खरा विषय बंगाली आहे. लाहिरी बंगालीला आई म्हणतात आणि इंग्रजीला सावत्र आई. चार वर्षांची होईपर्यंत घरात फक्त बंगाली होती. मग शाळा आली आणि सावत्र आईने घराचा ताबा घेतला. आईवडिलांना घरात इंग्रजी खपत नसे आणि बाहेर बंगाली कोणी ऐकलेली नसे. दोघींपैकी एकीला खूश करावे तर दुसरी दुखावणार. त्यात आई अर्धीच मिळाली: बंगाली बोलता येते, पण सहज वाचता-लिहिता येत नाही. या दोन बायकांच्या भांडणातून सुटण्यासाठी जी तिसरी स्वतः निवडली, जिच्याशी रक्ताचेही नाते नाही आणि सक्तीचेही नाही, ती इटालियन. परदेशी जाऊन भाषा शिकण्यामागे ज्ञानाची वा नोकरीची ओढ असते असे आपण धरून चालतो. येथे ओढ आहे ती घरातील कलहापासून दूर जाण्याची. हे कबूल करणे सोपे नाही.

वसईतील आमच्या वाचकांना या त्रिकोणाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. निर्मळ, गिरीज, नंदाखाल या पट्ट्यात घरात सामवेदी किंवा वाडवळी, प्रार्थनेत आणि पूर्वीच्या शाळेत प्रमाण मराठी, आणि आता नातवंडांच्या शाळेत इंग्रजी अशी तीन मजली इमारत उभी आहे. आमच्या पिढीला गावची बोली बोलली म्हणून वर्गात हसू सोसावे लागले. आज तीच पिढी नातवाशी मोडक्या इंग्रजीत बोलून त्याला बोलीपासून वाचवते. वाचवते हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. येथे कोणी परदेशी गेलेले नाही. भाषाच स्वयंपाकघरातून उठून गेली आहे. लाहिरींच्या आईवडिलांनी परमुलखात घराचे दार लावून बंगाली सांभाळली. मुलीला ते तेव्हा जाच वाटले, आणि चाळिशी उलटल्यावर तिचे सर्वांत हळवे प्रकरण त्याच दाराविषयी लिहिले गेले.

मात्र एका गोष्टीने आम्हांला हे पुस्तक वाचताना अस्वस्थ केले. लेखिका तीन वर्षे रोमसारख्या शहरात राहिली. परंतु पुस्तकात रोमची माणसे किती? शिक्षक आहेत, संपादक आहेत, लेखन तपासून देणारे मित्र आहेत. भाजीवाला, शेजारीण, इस्पितळातील परिचारिका, पोराच्या शाळेतली दुसरी आई यांच्याशी भाषेने जोडलेले नाते जवळजवळ नाही. भाषा येथे शब्दकोशातून, वहीतून, पुस्तकांतून येते आणि पुन्हा वहीतच जाते. ही प्रेमकथा आहे. पण ज्या माणसांची ही भाषा, ती दाराबाहेर उभी राहिली आहेत.

शिवाय ही भाषा निवडून घेतलेली आहे. नको वाटली तर सोडता येण्यासारखी. जगातील बहुतेक माणसे परक्या देशात जाऊन भाषा शिकतात ती अशी नव्हे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल तरुणांना तिथे पाठविण्याचा करार केला आणि त्यासाठी जर्मन भाषेचे वर्ग निघाले. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर भाषेची ठरावीक पातळीची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. रुग्णाच्या छातीत कळ येते की जळजळ होते, हे त्या मुलीला पहिल्या दिवसापासून कळले पाहिजे. अपुरे असण्याची मोकळीक तिला नाही. तिची चूक वहीत राहत नाही. लाहिरींनी या फरकाचा विचारच केलेला नाही असे आम्ही म्हणणार नाही, पण या पुस्तकात तो कडेला राहिला आहे.

येथे आपल्या वाचकांच्या मनात एक नाव आल्यावाचून राहणार नाही. लाहिरी रोमकडे गेल्या. त्याच्या चारशेहून अधिक वर्षे आधी फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज रोममध्ये येशूसंघात दाखल होऊन तिथून निघाला आणि १५७९ साली गोव्याला पोहोचला. चार वर्षांनी भावाला लिहिलेल्या पत्रात तो इथल्या भाषांची ग्रीक-लॅटिनशी असलेली जवळीक नोंदवतो. सासष्टीच्या गावकऱ्यांत राहून त्याने त्यांची भाषा उचलली. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले आणि कोंकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला प्रसिद्ध झाले. त्याला भाषा हवी होती ती समोर बसलेल्या माणसासाठी. ओवी त्याने निवडली कारण ऐकणाऱ्यांचा कान ओवीचा होता. स्टीफन्सच्या पाठीशी राजसत्ता होती हे विसरून चालणार नाही. त्याच सत्तेने १६८४ साली गोव्यातील लोकांना आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. तरीही लाहिरींच्या पुस्तकात जे उणे वाटते त्याला नाव द्यायचे, तर ते स्टीफन्सच्या श्रोत्यांचे आहे.

लाहिरींना स्वतःलाही हे जाणवले असावे असे त्यांच्या पुढच्या लेखनावरून दिसते. डोमेनिको स्तार्नोने यांच्या कादंबऱ्या त्यांनी इंग्रजीत आणल्या. २०१८ साली 'दोव्हे मी त्रोव्हो' ही कादंबरी त्यांनी थेट इटालियनमध्ये लिहिली आणि या खेपेस तिचा अनुवाद स्वतः केला. थोरल्या मुलाची भीती एव्हाना ओसरली होती. त्या कादंबरीतही एकटी स्त्री शहरातून फिरते आणि गर्दी दूरच राहते. खरा पालट आहे तो २०२२ सालच्या रोमवरील कथासंग्रहात. पुढच्या वर्षी तो 'रोमन स्टोरीज' या नावाने इंग्रजीत आला. येथे माणसे येतात, आणि ती बहुतांशी बाहेरून आलेली आहेत. एका कथेत शाळेत काम करणाऱ्या परदेशी बाईच्या कोटाच्या खिशात चिठ्ठ्या सापडू लागतात: तू आम्हांला नको आहेस, अशा आशयाच्या. दुसऱ्या कथेत सरकारी घर मिळालेल्या कुटुंबाला शेजारी छळून हुसकून लावतात. बायकामुले मायदेशी परततात आणि नवरा शहरात भटकत राहतो. 'भिंत' प्रकरणातल्या दुकानात जी नुसती खंत होती, ती येथे दगड होऊन खिडकीवर आदळते.

या संग्रहातील 'सीमा' ही कथा आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. गावाबाहेरच्या एका सुट्टीच्या घराची राखण करणाऱ्या परदेशी कुटुंबातील मुलगी ती सांगते. शहरातून पाहुणे येतात, आठवडाभर राहतात. पाहुण्यांतली आई सावलीत बसून वहीत काहीतरी लिहीत असते. तिला ही शांतता, हे आकाश फार आवडते. मुलीचा बाप फारसा बोलत नाही. तो पूर्वी शहरातल्या चौकात फुले विकत असे. एका रात्री त्याला मारहाण झाली, दात पडले, आणि मोडलेल्या तोंडाने बोलण्याची त्याला लाज वाटू लागली. तो भाषा शिकला होता. ती त्याच्या तोंडातून काढून घेतली गेली. पाहुणे निघून गेल्यावर मुलीला त्या बाईने मागे ठेवलेली टिपणे सापडतात आणि आपल्या घराचे, आपल्या दिवसांचे वर्णन तिथे लिहिलेले ती पाहते. वहीत शब्द वेचणारी ती पाहुणी कोण, हे 'इन आल्त्रे पारोले' वाचलेल्याला सांगावे लागत नाही. लेखिकेने स्वतःलाच सीमेच्या त्या बाजूला बसवले आहे आणि कथा मात्र राखणदाराच्या मुलीच्या तोंडी दिली आहे. पहिल्या पुस्तकावरची आमची तक्रार तिने आमच्याआधी आणि आमच्यापेक्षा कठोरपणे नोंदवली आहे.

म्हणून ज्यांच्या घरचे कोणी परदेशी शिकायला किंवा नोकरीला निघाले आहे, त्यांनी ही दोन्ही पुस्तके वाचावीत. मात्र क्रम उलटा ठेवावा. आधी 'सीमा' वाचावी, मग 'भिंत' आणि 'त्रिकोण' ही प्रकरणे. तळ्याचे प्रकरण त्यानंतर वाचले तरी चालेल. इंग्रजी अनुवाद सोपा आहे. वाक्ये लहान आहेत, कारण मूळ लिहिणारीजवळ तेवढेच शब्द होते. बारावी झालेल्या मुलामुलींना ते कोशाशिवाय वाचता येईल, आणि आजीला बोलीत सांगताही येईल.